बाटलीवरचं नाव : वाल्देमार हाफकिन

आमच्या पाचाडला हाफकिन म्हणजे एक इंजेक्शन. रायगडाच्या पायथ्याचं आमचं गाव. जिजाऊंची समाधी आणि त्यांच्या वाड्याचे अवशेष ही बाहेरच्यांना असलेली गावाची ओळख. पण गावात राहायचं तर आणखी एक गोष्ट माहीत असावी लागते. लावणीच्या दिवसांत किंवा गवत कापताना कुणाला फुरसं चावलं, तर त्याला आधी कुठे न्यायचं आणि तिथे हाफकिनची बाटली असेल का. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालणारं ते औषध. विंचू चावला तर आमच्याकडे वेगळं नाव घेतात, महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं. पण साप म्हटलं की हाफकिन.

या नावाचा एक माणूस होता, तो सापांवर काम करणारा नव्हताच, आणि त्याचा या देशाशी आलेला संबंध फार सुखाचा नव्हता, हे मला हॉस्टेलवर आल्यावर कळलं. कोविडनंतर लस, अँटीबॉडी, व्हेरियंट हे शब्द मेसच्या टेबलावरसुद्धा ऐकू यायला लागले होते. लस घेऊनही माणूस पुन्हा आजारी का पडतो, जंतू शरीराला फसवतो म्हणजे नेमकं करतो काय, यावर आमच्या विंगमध्ये रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वाद चालायचे. त्याचं उत्तर शोधता शोधता मी हाफकिनपाशी पोचलो. मेकॅनिकलच्या मुलाने जीवशास्त्रावर का लिहावं असं कुणी विचारेल. त्याचं उत्तर पुढे येईलच. मुळात हाफकिनसुद्धा डॉक्टर नव्हते.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा या काळ्या समुद्रावरच्या बंदरात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. त्या काळच्या रशियात ज्यू असणं म्हणजे पावलोपावली अडवणूक. ओडेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. झारशाहीविरुद्धच्या चळवळीत आणि दंगलीत ज्यू वस्तीचं रक्षण करण्यात भाग घेतल्यामुळे त्यांना तुरुंगाची हवाही खावी लागली. पुढे पदवी मिळाली, संशोधन चांगलं होतं, पण प्राध्यापक व्हायचं तर धर्म बदलावा लागणार होता. त्यांनी तो बदलला नाही. मग प्राणिशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी करत दिवस काढले.

या विद्यापीठात त्यांना एक गुरू मिळाला आणि त्याचं नाव आपल्या विषयात फार मोठं आहे. इल्या मेचनिकॉव्ह. १८८२ साली मेचनिकॉव्ह यांनी इटलीतल्या मेसिना इथे तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचून ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर काट्याभोवती पेशींचा घोळका जमलेला. शरीरात घुसलेल्या परक्या वस्तूवर धावून जाणाऱ्या आणि तिला गिळायला बघणाऱ्या पेशी असतात, ही कल्पना तिथून आली. आपण त्यांना भक्षक पेशी म्हणू. पांढऱ्या पेशींमधलीच ही पलटण. या कामाबद्दल मेचनिकॉव्ह यांना १९०८ साली नोबेल मिळालं. म्हणजे शरीराचे पहारेकरी ज्याने जगाला दाखवले, त्याच्याच हाताखाली हाफकिन तयार झाले. त्या पहारेकऱ्यांना चकवणाऱ्या जंतूंशी पुढे त्यांची आयुष्यभराची गाठ पडायची होती.

१८८८ मध्ये हाफकिन यांनी रशिया सोडला. आधी जिनिव्हा, मग १८८९ मध्ये पॅरिस. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकॉव्ह पोचले होतेच, पण हाफकिन यांच्यासाठी जागा एकच मोकळी होती, ग्रंथालयात सहायकाची. त्यांनी ती घेतली. दिवसा पुस्तकं लावायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करायचं. गिनीपिगच्या पोटातून एकामागून एक असं नेत त्यांनी जंतूची तीव्रता वाढवली आणि दुसऱ्या बाजूने उष्णता आणि हवेच्या माऱ्याने कमजोर केलेला जंतूही तयार केला. आधी कमजोर टोचायचा, काही दिवसांनी तीव्र, अशी ही दोन टप्प्यांची लस. १८ जुलै १८९२ रोजी ती त्यांनी पहिल्यांदा माणसाला टोचली. तो माणूस म्हणजे ते स्वतः.

युरोपात या लसीचं फारसं स्वागत झालं नाही. हिंदुस्थानचे माजी व्हाइसरॉय लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसला राजदूत होते. त्यांच्या मदतीने हाफकिन यांना हिंदुस्थानात येण्याची परवानगी मिळाली. मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्याला उतरले. पुढची दोन-अडीच वर्षं वस्त्या, पलटणी, तुरुंग, आसामचे चहामळे असं फिरत त्यांनी ४० हजारांहून जास्त लोकांना लस टोचली. या भटकंतीत त्यांना मलेरियाने गाठलं आणि १८९५ मध्ये उपचारासाठी युरोपात परतावं लागलं.

इथे जरा थांबतो, कारण कॉलरा आणि मलेरिया या दोघांनी मिळून आपल्या विषयाचे पहिले दोन धडे दिलेत.

कॉलऱ्याचा जंतू शरीराच्या आत, रक्तामांसात शिरतच नाही. तो आतड्याच्या पोकळीत, अस्तरावर बसून विष सोडतो. आतड्याची पोकळी म्हणजे तांत्रिक दृष्ट्या शरीराच्या बाहेरच. गडाच्या दरवाज्याबाहेर बाजारपेठेत बसून गडाचं पाणी तोडावं तसा प्रकार. रक्तातल्या पहारेकऱ्यांचा हात तिथपर्यंत नीट पोचत नाही. म्हणून कॉलऱ्याची टोचायची लस मर्यादित आणि थोडेच दिवस उपयोगी पडायची. आज कॉलऱ्याची लस तोंडावाटे देतात, ती त्याच कारणाने. पहारा जिथे हवा तिथेच उभा करायचा.

मलेरियाचा परजीवी याच्या उलट. तो थेट आपल्या तांबड्या पेशीत घुसून बसतो. पण त्या पेशीच्या पृष्ठभागावर त्याचं एक प्रथिन उमटतं आणि त्यावरून तो पकडला जाऊ शकतो. मग तो काय करतो? त्या प्रथिनाचे सुमारे ६० वेगवेगळे नमुने त्याच्या जनुकांत साठवलेले असतात, त्यातला एका वेळी एकच तो वापरतो. शरीराने त्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करेपर्यंत काही परजीवींनी दुसरा नमुना चढवलेला असतो. रोज नवं आयडी कार्ड लावून गेटमधून जाणाऱ्या मुलाला आपला वॉचमन कसा पकडणार? माणसाला मलेरिया पुन्हा पुन्हा होतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

असो. आता मुंबई.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकॅशिओ व्हिएगस यांना गाठीच्या तापाचे रोगी सापडले. प्लेग आला होता. बघता बघता शहर रिकामं व्हायला लागलं. गिरण्या ओस, स्टेशनांवर झुंबड. ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून बोलावून घेतलं. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना जागा मिळाली ती एक खोली आणि एक व्हरांडा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या साधनांवर जगात कुणाकडेच नसलेली लस तयार करायची होती.

प्लेगचा जंतू त्याआधी दोनच वर्षं, १८९४ मध्ये, हाँगकाँगला अलेक्झांडर येरसँ यांनी शोधला होता. तो उंदरावरच्या पिसवांतून माणसात येतो हे तर तेव्हा माहीतही नव्हतं. ते पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. हाफकिन यांच्याकडे होता तो फक्त जंतू. तो त्यांनी मांसाच्या रस्स्यात वाढवायला घेतला. इथे त्यांनी दोन गोष्टी केल्या आणि दोन्ही मला फार आवडतात. एक, गाईचं किंवा डुकराचं मांस वापरलं तर ही लस इथे कुणी टोचून घेणार नाही हे ओळखून त्यांनी बकऱ्याचं मांस वापरलं. दोन, रस्स्यावर साजूक तुपाचे थेंब सोडले. जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे, गुहेच्या छताला चुन्याचे सुळे लोंबतात तसे. बाटली हलवली की सुळे तुटून तळाशी जायचे आणि वर नवे वाढायचे. काही आठवड्यांत भरपूर पीक. मग ६५ ते ७० अंशांवर तासभर तापवून जंतू मारायचे आणि कार्बोलिक आम्ल घालायचं. मेलेले जंतू आणि त्यांनी रस्स्यात सोडलेले पदार्थ, ही लस. प्रॉडक्शनच्या मुलांनी लक्षात घ्यावं, लोणकढ्या तुपातून निघालेलं हे मास प्रॉडक्शन आहे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस टोचून घेतली. पुन्हा पहिला नंबर स्वतःचा, आणि मात्रा १० घनसेंटिमीटर, म्हणजे पुढे लोकांना देत त्याहून कितीतरी जास्त. ताप चढला, टोचलेली जागा ठणकली, पण ते काम करत राहिले. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वखुशीने तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली. न टोचलेल्या साधारण १७२ जणांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ दगावले. टोचलेल्या १४७ जणांत दोघांना झाला आणि कुणीही दगावलं नाही.

पुढच्या वर्षी, १८९८ मध्ये, बडोदा संस्थानातल्या उंढेरा गावी त्यांनी याहून काटेकोर प्रयोग केला. घराघरातल्या माणसांना उभं करून प्रत्येक कुटुंबातल्या साधारण अर्ध्यांना लस दिली आणि अर्ध्यांना दिली नाही. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. फरक फक्त लसीचा. प्लेग शिरलेल्या घरांचा हिशेब असा : न टोचलेल्या ६४ जणांत २७ आजारी, त्यातले २६ मेले. टोचलेल्या ७१ जणांत ८ आजारी आणि ३ मेले. आपल्याला फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलला एका वेळी एकच घटक बदला म्हणून बजावतात. इथे ते तत्त्व माणसांच्या जिवावर पारखलं जात होतं. आजच्या नैतिक नियमांत अर्ध्या घराला वगळणं बसेल का, हा प्रश्न मला पडतो. पण त्या अर्ध्या घराशिवाय लसीवर कुणी विश्वास ठेवला नसता, हेही खरं.

आता मूळ प्रश्न. प्लेग इतका भयंकर का? उंढेऱ्यात लस नसलेल्या २७ रोग्यांपैकी एक वाचला. आपल्या शरीरात एवढी पलटण असताना ती करते काय?

हे कोडं हाफकिन यांच्या हयातीत सुटलं नाही. गेल्या काही दशकांत त्याचा उलगडा होत गेला आणि तो एखाद्या कंट्रोल सिस्टिमसारखा आहे. प्लेगच्या जंतूकडे तापमान ओळखण्याची सोय आहे. पिसवेच्या पोटात साधारण २६ अंश, माणसाच्या शरीरात ३७. पिसू चावली की जंतूला हा फरक कळतो आणि तो आपली सगळी यंत्रणा बदलतो.

पहिला बदल वरच्या सालीत. अशा जातीच्या जंतूंच्या बाह्य आवरणात मेदयुक्त रेणू असतात. कुठल्याही अशा जंतूची चाहूल आपल्या पेशींना या रेणूवरूनच लागते. तो दिसला की धोक्याची घंटा वाजते, सूज येते, कुमक येते. साधारणपणे या रेणूला मेदाच्या सहा शेपट्या असतात. प्लेगचा जंतू ३७ अंशांना आला की मुख्यतः चारच शेपट्यांचा रेणू बनवतो. आपला सेन्सर सहासाठी बनलेला, त्यामुळे चार शेपट्यांवर घंटा वाजत नाही. हे खरंच इतकं महत्त्वाचं आहे का, हे तपासायला संशोधकांनी प्लेगच्या जंतूत दुसऱ्या जंतूचं एक जनुक घालून त्याला ३७ अंशांनाही सहा शेपट्यांचा रेणू बनवायला भाग पाडलं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तो जंतू उंदरांना मारू शकला नाही. बाकी सगळी हत्यारं त्याच्याकडे तशीच होती. फक्त घंटा वाजली, एवढंच.

मला यावर आमच्या रायगडाची हिरकणी आठवते. दरवाजे बंद, चौक्यांवर माणसं जागी, आणि ती उतरली कड्यावरून, कारण तिथून कुणी उतरेल असं गृहीतच नव्हतं. पहारा झोपलेला नसतो. पहाऱ्याला जे शोधायला सांगितलंय ते तिथे नसतं.

दुसरा बदल म्हणजे अंगावरचं कवच. ३७ अंशांना जंतू स्वतःभोवती प्रथिनाचा गुळगुळीत लेप चढवतो. भक्षक पेशीला तो धड पकडताच येत नाही. सुरुवातीचे काही जंतू, ज्यांचा लेप अजून चढलेला नसतो, ते गिळले जातात. पण काही भक्षक पेशींच्या आत ते मरत नाहीत. तिथेच वाढतात, लेप चढवतात आणि तयार होऊन बाहेर पडतात. मेचनिकॉव्ह यांच्या पहारेकऱ्यालाच त्यांनी राहायची खोली केली. याच प्रवासात जंतू जवळच्या रसग्रंथीत पोचतात. जांघेत, काखेत ती टम्म सुजते. प्लेगची गाठ ती हीच.

तिसरं हत्यार वाचून तर मी चक्रावलो. या जंतूच्या अंगावर सूक्ष्म सुया असतात. पोकळ, खरोखर इंजेक्शनसारख्या. भक्षक पेशी अंगाला भिडली की जंतू तिच्यात सुईवाटे पाच-सहा प्रकारची प्रथिनं सोडतो. एक प्रथिन पेशीचा सांगाडा ढिला करतं, म्हणजे तिला गिळायची हालचालच जमत नाही. दुसरं आतली निरोपाची साखळी तोडतं. तिसरं मदतीची हाक बंद करतं आणि पेशीला मरणाकडे ढकलतं. म्हणजे मुंबईत १८९७ मध्ये टोचणारे हाफकिन एकटे नव्हते. दुसऱ्या बाजूनेही टोचणं चालू होतं.

या सगळ्यामुळे पहिले दोन-तीन दिवस शरीराला जवळपास पत्ताच लागत नाही. जंतू बेसुमार वाढलेले असतात आणि मग जेव्हा घंटा वाजते तेव्हा ती सगळीकडे एकदम वाजते. पण तोपर्यंत वेळ गेलेली असते.

लस इथे काय करते? वेळ विकत घेते. मेलेल्या जंतूंवरून शरीर आधीच अँटीबॉडी तयार करून ठेवतं. त्यातल्या काही त्या गुळगुळीत लेपालाच चिकटतात. भक्षक पेशीला हात घालायला मूठ मिळते आणि तिने घंटेची वाट बघायची गरज उरत नाही. हाफकिन यांच्या लसीने प्लेग पूर्ण थांबत नव्हता, संरक्षण काही महिनेच टिकायचं आणि फुप्फुसाच्या प्लेगवर तिचा भरवसा नव्हता. पण मरणाचं प्रमाण ५० ते ८५ टक्क्यांनी कमी झाल्याचे हिशेब त्या काळी निघाले. १८९७ ते १९२५ या काळात मुंबईतून सुमारे २ कोटी ६० लाख डोस बाहेर गेले.

ही आकडेवारी वाचताना महाराष्ट्रात तेव्हा काय चाललं होतं तेही डोळ्यांसमोर ठेवायला हवं. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. लस तयार होऊन दोन महिनेच झाले होते. त्याच पुण्यात रँडच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोल्जरांना घराघरांत घुसवलं, सामान जाळलं, बायामाणसांची अब्रू राहू दिली नाही, आणि २२ जूनला चापेकर बंधूंनी गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली. सरकारी सुईबद्दल लोकांच्या मनात संशय असणं यात नवल काहीच नव्हतं. हाफकिन मात्र लस ऐच्छिकच असावी या मताचे होते. लोकांचा विश्वास बसावा म्हणून आगाखानांनी स्वतः चारचौघांत टोचून घेतलं, त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक पुढे आले, आणि प्रयोगशाळेसाठी आगाखानांनी आपला बंगलाही दिला. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली. ती आजही तिथेच आहे.

इथपर्यंत ही यशाची गोष्ट आहे. आता ज्या भागासाठी मी हा लेख लिहायला घेतला तो सांगतो.

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबातलं मलकोवाल गाव, आज ते पाकिस्तानात आहे. त्या दिवशी तिथे १०७ लोकांना प्लेगची लस टोचली गेली. आठवड्याभरात त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला. एकोणीसच्या एकोणीस मेले. आणि सगळ्यांना टोचलं होतं ते एकाच बाटलीतून.

चौकशी बसली. हाफकिन यांनी वाढती मागणी पुरी करण्यासाठी लस बनवण्याची पद्धत बदलली होती, कार्बोलिक आम्ल वगळून फक्त उष्णतेवर भर दिला होता. समितीने बोट दाखवलं ते मुंबईच्या प्रयोगशाळेकडे. बाटली तिथेच दूषित झाली असणार. हाफकिन निलंबित झाले. डॉक्टर नसलेला, परदेशी, ज्यू माणूस. सरकारी डॉक्टरांच्या खात्यात त्यांचे चाहते आधीच कमी होते. १९०४ मध्ये ते हिंदुस्थान सोडून गेले.

पण पुराव्यात काही गोष्टी अशा होत्या की त्यांचा मेळ बसत नव्हता. मलकोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट न उकळता, नुसता जंतुनाशकात बुडवून, त्याच चिमट्याने बाटलीचं बूच काढलं गेलं. धनुर्वाताचे बीजाणू राहतात मातीतच. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. मुंबईतच बीजाणू पडले असते तर एवढ्या दिवसांत बाटलीत ते बेसुमार वाढले असते, घाण वास सुटला असता, आणि उघडताना तसा वास आला नव्हता. शिवाय तयार विष भरपूर असतं तर लक्षणं फार लवकर दिसली असती. प्रत्यक्षात लक्षणं यायला सुमारे एक आठवडा लागला, म्हणजे जखमेत ताजे बीजाणू गेल्यावर लागतो तेवढाच वेळ.

धनुर्वाताचा जंतू पळवाट काढतो ती वेगळीच. तो फसवाफसवी करत बसत नाही. त्याचं विषच इतकं जहाल आहे की माणूस मारायला पुरेल एवढी मात्रा रोगप्रतिकारशक्तीला जागं करायलासुद्धा पुरत नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसाला पुन्हा धनुर्वात होऊ शकतो आणि त्यालाही लस घ्यावीच लागते. वर्कशॉपमध्ये गंजका पत्रा लागला की आपल्याला जे इंजेक्शन घ्यायला पिटाळतात, त्याच्यामागे हे आहे.

हाफकिन लढत राहिले. सरकारी अहवाल छापून बाहेर यायलाच चार वर्षं लागली. तो आल्यावर डॉ. सिम्प्सन आणि मलेरियाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस यांनी बाजू उचलून धरली. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचं पत्र प्रसिद्ध झालं. फ्रान्समध्ये ड्रेफस या ज्यू अधिकाऱ्याची खोट्या आरोपातून सुटका होऊन जेमतेम वर्ष झालं होतं, त्यामुळे लोकांनी या प्रकरणाला छोटं ड्रेफस प्रकरण म्हटलं. अखेर १९०७ च्या शेवटी सरकारने त्यांच्यावरचा ठपका मागे घेतला.

ते परत आले, पण परळला नाही. कलकत्त्याला नेमणूक झाली आणि तिथे माणसांवर लसीचे प्रयोग करायची मुभा मिळाली नाही. ज्याने दोनदा पहिली सुई स्वतःला टोचली त्याला कागदावरचं संशोधन करा म्हणून बसवलं. काही वर्षांनी निवृत्ती घेऊन ते युरोपात गेले आणि एकटेच राहिले. लग्न केलं नव्हतं. उत्तरायुष्यात धर्माकडे वळले आणि आपली पुंजी ज्यू मुलांच्या शिक्षणासाठी ठेवून २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे वारले. त्याआधी १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं होतं. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांचं टपाल तिकीटही काढलं.

मित्रांनो, प्लेग काही इतिहासजमा झालेला नाही. १९९४ मध्ये तो बीड जिल्ह्यात आणि सुरतेत पुन्हा दिसला. फरक इतकाच की आता प्रतिजैविकं आहेत, वेळेत दिली तर माणूस वाचतो. आणि चकवणारा जंतू काही प्लेगचा एकटाच नाही. आमच्या महाडला २००५ आणि २०२१ च्या जुलैत सावित्रीचं पाणी घराघरांत शिरलं. अशा पुरानंतर ज्याची धास्ती असते तो लेप्टोचा जंतू आपल्याच रक्तातली प्रथिनं अंगाला चिकटवून घेतो. रक्तातली संरक्षक यंत्रणा स्वतःच्या पेशींना मारू नये म्हणून ही प्रथिनं ओळखपत्रासारखी असतात, तेच ओळखपत्र तो वापरतो. क्षयाचा जंतू भक्षक पेशीत गिळला जातो आणि तिथेच तिची पचवणारी यंत्रणा अडवून वर्षानुवर्षं राहतो. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, त्यामुळे प्रत्येकावरचा तोडगाही वेगळा शोधावा लागतो.

पण मेकॅनिकलचा मुलगा म्हणून मला सगळ्यात जास्त विचार करायला लावलं ते मलकोवालने. यंत्र बिघडलं, माणसं मेली, तर आपण सगळ्यात आधी डिझाइन करणाऱ्याचं नाव विचारतो. चिमटा कुठे पडला, बूच कुणी काढलं, वास आला होता का, किती दिवस झाले होते, हे कंटाळवाणे प्रश्न नंतर येतात. कधी येतच नाहीत. मलकोवालचे हे प्रश्न पहिल्या महिन्यातच नीट विचारले गेले असते तर पाच वर्षं आणि एका माणसाचं उमेदीचं काम वाचलं असतं. त्या १९ जणांनाही खरं उत्तर मिळण्याचा हक्क होताच, आणि ते उत्तर होतं गरम पाण्याच्या एका भांड्यात.

पुढे आपल्यातले काही जण कारखान्यात, काही साइटवर, काही औषध कंपन्यांत जातील. अपघात होतील, चौकश्या बसतील, कुणीतरी आपल्यापुढे सहीसाठी अहवाल सरकवेल. तेव्हा सही करण्याआधी एकदा विचारायचं, चिमटा पडला होता का?